वादळाच्या दिवसांतील जलपर्यटन

गेल्या पावसाळ्यांत भूगोलाच्या तासाला वेस्ट इंडीज बेटांचा नकाशा भिंतीवर लावला असतां मागच्या बांकावरून एक प्रश्न आला. विचारणाऱ्याचा वडील भाऊ सहलीच्या एका मोठ्या जहाजावर भटारखान्यांत कामाला आहे. "सर, जून ते नोव्हेंबर हे तिकडे वादळाचे महिने, असें आपण आतांच सांगितलें. मग माझा दादा ऑगस्टांत कामावर चढला तेव्हां जहाज उतारूंनीं भरलेलें कसें होतें? आपल्याकडे तर नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी होडी पाण्यांत घालीत नाहीं." तास संपत आला होता, म्हणून मीं त्याला अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें येथें देत आहें.

त्याचीं दोन्ही निरीक्षणें बरोबर आहेत. आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा एकदां सुरू झाला कीं महिनेच्या महिने वाहत राहतो. समुद्र रोजच खवळलेला असतो, म्हणून कोळी लोक होड्या वर ओढून झांकून ठेवितात व श्रावणी पौर्णिमेची वाट पाहतात. अटलांटिकचा प्रकार निराळा आहे. तेथें १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम मानितात खरा. परंतु या सहा महिन्यांतील बहुतेक दिवस कॅरिबियन समुद्र निळा व शांत असतो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाहिली तर एका हंगामांत नांव देण्याजोगीं वादळें १४ होतात; त्यांपैकीं ७ हरिकेन या पदवीस पोंचतात, आणि ३ अतिप्रचंड ठरतात. कांहीं वर्षें याला अपवाद असतात. २००५ सालीं २८ व २०२० सालीं ३० वादळें झालीं. तरी समुद्राच्या विस्ताराच्या मानानें हा आंकडा लहानच. तेव्हां तिकडच्या नाविकाला ऋतु चुकवावयाचा नसतो, वादळ चुकवावयाचें असतें. तें चुकवितां येतें कीं नाहीं, यावरच सारें अवलंबून आहे.

हरिकेन हा शब्द मूळचा त्या बेटांवरच्या टाइनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनीं तो उचलला व त्यांच्यापासून तो इंग्रजींत आला. वाऱ्याचा सततचा वेग ताशीं ६३ किलोमीटर झाला म्हणजे वादळाला नांव मिळतें, आणि ११९ किलोमीटर झाला म्हणजे त्याला हरिकेन म्हणतात. पुढें सॅफिर नांवाचा इंजिनियर व सिंप्सन नांवाचा हवामानशास्त्रज्ञ या दोघांनीं पाडलेल्या पांच इयत्ता लागतात. पांचवी इयत्ता ताशीं २५२ किलोमीटरांपासून सुरू होते.

या वादळाचें अन्न म्हणजे ऊन पाणी. समुद्राच्या पृष्ठभागाचें उष्णमान सुमारें २६.५ अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें म्हणजे बाष्प भराभर वर चढूं लागतें. उंचावर त्याचें पुन्हां पाणी होतांना त्यांत सांठलेली उष्णता बाहेर पडते, हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, आणि खालची पोकळी भरण्यास चोहोंकडून वारे धांवतात. पृथ्वी फिरत असल्यामुळें हे वारे सरळ मध्यावर न जातां उत्तर गोलार्धांत उजवीकडे वळतात, आणि सारा व्यूह घड्याळाच्या कांट्यांच्या उलट गरगर फिरूं लागतो. मध्यभागीं डोळा असतो. तेथें वारा पडलेला व कधीं कधीं आकाश निरभ्र असतें. समुद्र तापण्यास सूर्यापेक्षां वेळ अधिक लागतो. म्हणून जूनमध्यें दिवस मोठे असूनही वादळें थोडीं होतात, आणि हंगामाचा कळस सप्टेंबरच्या १० तारखेच्या सुमारास येतो. त्या वेळचीं कित्येक मोठीं वादळें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेल्या हवेच्या लहरींपासून जन्मतात व व्यापारी वाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे सरकत येतात. म्हणजे पाहुणा आठवडाभर आधीं घरून निघालेला असतो. त्याची बातमी वेळेवर मिळावी कशी, एवढीच अडचण पूर्वीं होती.

ही बातमी ज्याला मिळाली नाहीं, किंवा मिळून ज्यानें मानली नाहीं, त्याचें काय होतें याचा दाखला १५०२ सालचा आहे. कोलंबस आपल्या चौथ्या सफरींत चार जहाजें घेऊन सांतो दोमिंगो बंदरासमोर आला. समुद्राची लांबट फुगोटी व आकाशाचा रंग पाहून त्यानें ताडलें कीं वादळ येत आहे. त्यानें ओव्हांदो या सुभेदाराकडे बंदरांत आसरा मागितला, आणि स्पेनला निघण्याच्या बेतांत असलेलें तीस जहाजांचें आरमार थांबवावें असेंही कळविलें. सुभेदारानें आसराही दिला नाहीं व आरमारही थांबविलें नाहीं. वादळांत त्या आरमाराचीं बहुतेक जहाजें व सुमारें ५०० माणसें बुडालीं. दोन वर्षांपूर्वीं ज्यानें कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला पाठविलें होतें तो बोबादिल्याही त्यांत गेला. कोलंबसाचीं चारही जहाजें जमिनीच्या आडोशाला राहून वांचलीं. तो कांहीं शास्त्रज्ञ नव्हता. पूर्वींच्या सफरींत त्यानें त्या समुद्राकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें होतें, इतकेंच.

पुढें तीनशें वर्षें नाविकांचें ज्ञान फारसें पुढें गेलें नाहीं. १७८० सालच्या ऑक्टोबरांत बार्बेडोस, मार्तिनिक वगैरे बेटांवरून गेलेल्या एका वादळानें बावीस हजारांच्या आसपास माणसें मारलीं. अटलांटिकच्या इतिहासांत याहून अधिक बळी घेणारें वादळ दुसरें नाहीं. वादळ ही एक फिरणारी वस्तु आहे हें दाखवून देण्याचें श्रेय बव्हंशीं रेडफील्ड या अमेरिकन गृहस्थाचें. १८२१ च्या वादळानंतर कनेक्टिकट प्रांतांतून जातांना एका जागीं झाडें एका दिशेनें पडलेलीं, व दूर गेल्यावर उलट दिशेनें पडलेलीं त्याला दिसलीं. यांत आपल्या देशाचाही वांटा आहे. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टननें बंगालच्या उपसागरांतील वादळांच्या नोंदी जहाजांच्या रोजनिश्यांतून जमविल्या, आणि १८४८ सालीं खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत या फिरत्या वादळांना 'सायक्लोन' हें नांव दिलें. आपण 'चक्रीवादळ' म्हणतों तें त्याच अर्थानें.

परंतु वादळ येण्यापूर्वीं तें येणार असें छापून सांगण्याचें धाडस प्रथम एका शाळामास्तरांच्या घरांतून झालें, ही गोष्ट शाळेच्या अंकांत सांगितलीच पाहिजे. हवाना शहरांत जेझुइट पाद्र्यांचें बेलेन नांवाचें विद्यालय होतें व त्याला एक वेधशाळा जोडलेली होती. १८७० सालीं फादर बेनितो विन्येस हे तिचे प्रमुख झाले. वायुभारमापक यंत्र, वाऱ्याची दिशा व ढग, एवढींच त्यांचीं साधनें. अति उंचावरील पिसासारखे ढग ज्या बिंदूपासून पंख्यासारखे पसरलेले दिसतात त्या बाजूला वादळाचा मध्य असतो, हें त्यांनीं वर्षानुवर्षें टिपणें ठेवून ताडलें. ११ सप्टेंबर १८७५ रोजीं त्यांनीं वादळाची पूर्वसूचना प्रसिद्ध केली, आणि दोन दिवसांनीं वादळ क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर खरोखरच आलें. पुढें बेटाबेटांवरून तारेनें खबरा मागवून त्यांनीं हें काम १८९३ मध्यें आपल्या मृत्यूपर्यंत चालविलें.

त्यानंतरच्या प्रगतीचा इतिहास थोडक्यांत आटोपतों. २७ जुलै १९४३ रोजीं जोसेफ डकवर्थ या वैमानिकानें टेक्ससच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम वादळाच्या डोळ्यांत विमान नेलें. १९६० सालीं हवामान पाहणारा पहिला यशस्वी कृत्रिम उपग्रह आकाशांत गेला. आज एकही वादळ न दिसतां किनाऱ्यावर येत नाहीं. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनीं प्रत्येक वादळाचा पुढील मार्ग प्रसिद्ध करितें. नकाशावर तो मार्ग पुढें पुढें रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखा काढतात. या शंकूचा अर्थ पुष्कळांना नीट ठाऊक नसतो. वादळाचा मध्य तीन वेळांपैकीं सुमारें दोन वेळां शंकूच्या आंत राहतो. तिसऱ्या वेळीं बाहेर जातो. शिवाय शंकु केवळ मध्याचा आहे. वादळाचा घेर त्याच्या कितीतरी बाहेर असूं शकतो. या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या, कारण पुढील हकीकत त्यांशिवाय समजावयाची नाहीं.

आतां जहाजाकडे वळूं. पाटीवर एक वर्तुळ काढावें व तें वादळ पश्चिमेकडे, म्हणजे पाटीच्या डाव्या बाजूस, सरकत आहे असें समजावें. वारे घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून वर्तुळाच्या उत्तर भागांत ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वादळ ज्या दिशेस चाललें आहे त्याच दिशेस, वाहतात. तेथें वाऱ्याच्या वेगांत वादळाच्या चालीची भर पडते. दक्षिण भागांत उलट वजाबाकी होते. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, उत्तर भागाच्या पुढल्या कडेला सांपडलेलें जहाज वारा नेईल तिकडे गेलें तर वादळाच्या थेट वाटेवर ढकललें जातें. दक्षिण भागांतलें जहाज वादळाच्या पाठीमागें जातें. यामुळें वादळाच्या गतीच्या उजव्या हाताच्या अर्ध्याला नाविक धोक्याचा अर्धा व डाव्या हाताच्या अर्ध्याला त्यांतल्या त्यांत तरून जाण्याजोगा अर्धा म्हणतात. दक्षिण गोलार्धांत हें उलट होतें. कसें, तें मुलांनीं आकृति काढून स्वतः पाहावें.

शिडाच्या जहाजाला एवढ्या ज्ञानावर जीव वांचवावा लागे. आजच्या सहलीच्या जहाजाजवळ त्याहून मोठें शस्त्र म्हणजे वेग. तें ताशीं वीस ते बावीस सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ४० किलोमीटर जातें. उष्ण कटिबंधांतील वादळ साधारण त्याच्या अर्ध्या चालीनें सरकतें. म्हणून कप्तान दोन दिवस आधींच तोंड फिरवितो. पूर्वेकडील बेटांची सफर ठरलेली असतां वादळ पूर्वेस असेल तर जहाज पश्चिमेस मेक्सिकोकडे जातें. नाविकांमध्यें यासाठीं एक-दोन-तीन नांवाचा सोपा नियम आहे. वादळाभोंवतीं जेथपर्यंत ३४ सागरी मैलांचा वारा अपेक्षित आहे त्या कडेच्या बाहेर, चोवीस तासांनंतरच्या भाकिताला १०० सागरी मैल, अठ्ठेचाळीस तासांच्या भाकिताला २००, व बहात्तर तासांच्या भाकिताला ३०० सागरी मैल जोडावे, आणि त्या आंत पाऊल टाकूं नये. भाकीत जितकें लांबचें तितका त्यावर अविश्वास अधिक, हें या नियमाचें मर्म आहे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. वादळ येणार म्हटलें म्हणजे मोठीं जहाजें बंदरांत शिरण्याऐवजीं बंदर सोडून बाहेर पडतात. धक्क्याला बांधलेलें जहाज लाटांबरोबर दगडी भिंतीवर आपटत राहतें. उघड्या समुद्रांत त्याला पळावयास जागा असते. त्यामुळें कधीं कधीं बंदरच बंद होतें व घरीं परतणारे उतारू पाण्यावर अडकून राहतात. २०१७ च्या ऑगस्टांत हार्वे वादळानें गॅल्व्हेस्टन बंदर बंद झालें तेव्हां हजारों लोकांची सहल न मागतां लांबली.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं आतां धोका उरलाच नाहीं. त्यानें 'फँटोम'ची हकीकत ऐकावी. हें चार डोलकाठ्यांचें, १९२७ सालीं बांधलेलें शिडाचें गलबत हौशी उतारूंना घेऊन होंडुरासच्या आखातांत सहली करीत असे. १९९८ च्या ऑक्टोबरांत सुमारें शंभर उतारू घेऊन तें निघालें, तोंच मिच नांवाचें वादळ फुगूं लागलें. २६ ऑक्टोबर रोजीं तें पांचव्या इयत्तेस पोंचलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २८५ किलोमीटर झाला. कप्तानानें गलबत बेलीझ शहराकडे नेऊन सर्व उतारूंना व कांहीं नोकरांना उतरविलें. हें त्यानें योग्य केलें, आणि वेळेवर केलें. नकाशा पाहिला म्हणजे पुढची अडचण कळते: पश्चिमेस बेलीझची जमीन, दक्षिणेस होंडुरासची, तें आखात म्हणजे कोपऱ्यांतली गल्ली आहे. वादळ वायव्येस बेलीझकडे जाईल असा रंग दिसत होता. म्हणून गलबत दक्षिणेस निघालें, व रोआतान या लांबट, डोंगराळ बेटाच्या आड जाऊन उभें राहिलें. त्याला मोठ्या जहाजाचा वेग नव्हता. पळून जाणें त्याच्या हातीं नव्हतें, लपणें तेवढें होतें. आणि मिच दक्षिणेकडे वळला. ज्या बेटाच्या आड गलबत लपलें होतें तिकडेच तें वादळ हळू हळू, माणसाच्या पायीं चालीनें म्हणावें तसें, येऊं लागलें. २७ ऑक्टोबरच्या दुपारीं उपग्रहाच्या दूरध्वनीवर कप्तानाचें शेवटचें बोलणें झालें. कांहीं दिवसांनीं एका ब्रिटिश युद्धनौकेला ग्वानाहा बेटाच्या पूर्वेस त्या गलबताचे तराफे व तरंगतीं जाकिटें सांपडलीं. गलबतावर ३१ जण होते. एकही हातीं लागला नाहीं. त्याच वादळाच्या पावसानें होंडुरास व निकाराग्वा या देशांत दहा हजारांहून अधिक माणसें दगावलीं, त्यापुढें या ३१ जणांची वार्ता जगानें फारशी ऐकली नाहीं.

ही हकीकत मीं लांबवून सांगितली याचें कारण आहे. उतारू उतरून घरीं जातो, खलाशी जहाजाबरोबर राहतो. सहलीच्या जहाजांवर गोव्याचे व आपल्या कोंकणपट्टीचे किती तरी लोक नोकरीस आहेत. वादळांत जलपर्यटन सुरक्षित आहे काय, असा प्रश्न वर्तमानपत्रें विचारतात तेव्हां त्यांच्या मनांत तिकीट काढणारा असतो. आमच्या वर्गांतल्या मुलाच्या मनांत दुसराच कोणी होता.

अज्ञानापेक्षां शिळ्या ज्ञानाचा धोका कसा असतो याचें उदाहरण 'एल फारो' या मालवाहू जहाजाचें. चाळीस वर्षांचें हें जहाज फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिलहून सान हुआनकडे जात असतां १ ऑक्टोबर २०१५ रोजीं बहामा बेटांजवळ हाकीन वादळांत ३३ माणसांसह बुडालें. पुढल्या वर्षीं सुमारें साडेचार हजार मीटर खोल पाण्यांतून त्याचें ध्वनिमुद्रण करणारें यंत्र वर काढण्यांत आलें, आणि शेवटच्या २६ तासांचें बोलणें ऐकावयास मिळालें. कप्तान ज्या हवामानाच्या नकाशावर विसंबला होता त्यांतील माहिती कित्येक तास जुनी होती. रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांनीं त्याला फोन करून मार्ग दक्षिणेकडे वळवावा असें सुचविलें. तें मानलें गेलें नाहीं. १५०२ सालच्या सुभेदाराजवळ उपग्रह नव्हता एवढाच काय तो फरक. आणि हें परदेशांतच घडतें असेंही नाहीं. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळांत मुंबईच्या समुद्रांत तेलविहिरींवरील कामगारांचा तराफा नांगर तुटून वाहत गेला व बुडाला. वादळाची सूचना काहीं दिवस आधीं मिळालेली होती. तराफ्यावरील २६१ जणांपैकीं सत्तरांहून अधिक गेले.

राहतां राहिला व्यवहार. सप्टेंबर-ऑक्टोबरांत या सहलींचें भाडें उतरतें, शाळा सुरू असल्यामुळें गर्दीही कमी असते. उतारू भरण्याचें कारण हेंच. त्याच्या बदल्यांत उतारू काय देतो, तें तिकिटाच्या मागील बारीक अक्षरांत असतें: कप्तान वाटेल तें बंदर गाळील किंवा बदलील, व त्याबद्दल नुकसानभरपाई मागतां येणार नाहीं. विमा घ्यावयाचा तर वादळाला नांव पडण्यापूर्वीं घ्यावा लागतो; नांव पडल्यावर तें 'ठाऊक असलेलें संकट' होतें. ज्यांना चिंता नको त्यांनीं अरुबा, बोनेर, क्युरासाव हीं बेटें निवडावीं. तीं १२ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ, दक्षिण अमेरिकेला खेटून आहेत, व वादळांच्या नित्याच्या वाटेपासून दूर पडतात. फुगोटी मात्र कोठेंही गांठते. वादळ हजार किलोमीटरांवर असलें तरी त्याच्या लांब लाटा आधीं येतात, आणि जहाजाच्या कुशीचे पंख त्याचें कुशीवर डुलणें आंवरतात, नाकावर आपटणें आंवरीत नाहींत.

जहाज वळून जातें. बेट वळत नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत डोरियन वादळ ग्रँड बहामा बेटावर दिवसाहून अधिक काळ जवळजवळ जागीं उभें राहिलें. समुद्र शांत झाल्यावर त्या बेटावरील लोकांना फ्लॉरिडास नेण्यासाठीं जें जहाज आलें तें सहलीचें जहाज होतें. एका खेपेंत त्यानें चौदाशेंच्या वर माणसें नेलीं. नाचघरांत गादीवर निजलेलीं मुलें, असा तो प्रवास झाला असेल. भटारखान्याला त्या दिवशीं काम किती पडलें असेल याची कल्पना त्या मुलाच्या दादाला करतां येईल.

दादाचें पत्र मध्यंतरीं आलें. मुलानें तें मला वाचावयास दिलें. सप्टेंबरांत त्यांच्या जहाजानें पूर्वेची सफर सोडून पश्चिमेची धरली. ज्या बेटावर उतरावयाचें तें गळल्यामुळें उतारू कारकुनाच्या खिडकीशीं भांडत होते. त्यानें लिहिलें आहे कीं त्या संध्याकाळीं आकाशांत एकही ढग नव्हता, पण मुख्य आचाऱ्यानें फळ्यांवरच्या सगळ्या बरण्या खालीं काढून बांधून ठेवावयास सांगितल्या.